तारीख टळली, हिशेब राहिला

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एका गृहस्थांचे थोरले चुलतभाऊ निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि गेली चार वर्षं एका प्रवचनकाराच्या ऑनलाइन सभांना बसतात. या प्रवचनकाराने गेल्या वर्षी एक आठवडा ठरवून सांगितला होता: त्या आठवड्यात प्रभू येणार, विश्वासी मंडळी स्वर्गात उचलली जाणार. दादांनी एक मुदतठेव मोडली आणि ‘शेवटच्या कापणीसाठी’ पैसे पाठवले. आठवडा आला आणि गेला. आता प्रवचनकार म्हणतात की घटना घडली, पण आत्मिक पातळीवर, आणि ज्यांचे डोळे उघडे होते त्यांनाच ती दिसली. गृहस्थ विचारतात, ‘या लोकांना कधीच कोणी जाब विचारत नाही का? उद्या त्यांनी माफी मागितलीच, तर ती खरी की नाटकी हे कसं ओळखायचं? आणि दादांशी बोलायचं कसं?’

मी धर्मशास्त्राचा माणूस नाही. पेशाने सीए आहे. घर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती, आजोबा पाळक होते. गेल्या तीसेक वर्षांत चर्च, मिशन शाळा, दवाखाने आणि छोट्यामोठ्या प्रार्थनामंडळ्या यांच्या ट्रस्टचे बरेच हिशेब तपासले. आमच्या मंडळीत काही वर्षं ‘वडील’, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ, म्हणूनही बसलो. त्यामुळे माझ्या एका हातात खतावणी आणि दुसऱ्या हातात पवित्र शास्त्र असं बेढब काहीतरी झालं आहे. या विषयाला दोन्ही लागतात.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण मला त्यांच्या खाली एकच ऐकू येतो: भाकीत खोटं ठरल्यावर नुकसान कोणाच्या खाती पडलं? हा प्रश्न धरून बसलात तर बाकीचे दोन बरेचसे सुटतात. उत्तर मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तारीख स्पष्ट सांगितली होती की नुसतं ‘लवकरच’? पैसे मागितले होते की दादांनी आपणहून दिले? ते नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात गेले की प्रवचनकाराच्या स्वतःच्या यूपीआयवर? त्यांच्या वर सिनॉड (चर्चची धर्मसभा), बिशप, कार्यकारिणी असं कोणी आहे का? आणि दादांना स्वतःला फसवलं गेल्यासारखं वाटतंय का? यातलं काहीच मला माहीत नाही, म्हणून मी कसा विचार करतो तेवढंच सांगतो.

सुरुवात विल्यम मिलरपासून करायला हवी. न्यूयॉर्क राज्यातला हा शेतकरी बाप्टिस्ट होता, १८१२च्या युद्धात लढलेला. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात आलेल्या २३०० दिवसांची त्याने वर्षं धरली, इसवी सनापूर्वी ४५७पासून मोजायला घेतली आणि १८४३च्या आसपास प्रभू येणार इथे येऊन पोचला. हे गणित १८१८लाच जुळलं होतं. पण हा माणूस तेरा वर्षं गप्प बसून ते तपासत राहिला आणि १८३१मध्ये बोलायला लागला. (आजचे प्रवचनकार तेरा मिनिटंही थांबत नाहीत, पण ते जाऊ द्या.) बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने वर्तमानपत्रं काढली, तंबू उभारले आणि चळवळ देशभर पसरली. मिलरने दिलेली मुदत २१ मार्च १८४४ला संपली. काही झालं नाही. त्यानंतर त्याने जाहीरपणे लिहिलं की आपली चूक झाली आहे, ती आपण कबूल करतो, आणि आपली निराशा झाली आहे.

पुढे सॅम्युएल स्नो नावाच्या एकाने नेमका दिवस काढला: २२ ऑक्टोबर १८४४. मिलर त्याला बरेच दिवस बधला नाही. अगदी शेवटच्या दोनतीन आठवड्यांत मान्य झाला. शेतकऱ्यांनी पिकं उभी ठेवली, काहींनी दुकानं बंद केली. मिलरच्या चळवळीतून पुढे आलेल्या अॅडव्हेंटिस्ट परंपरेत न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतात. त्याने श्रद्धेपोटी बटाटे काढलेच नाहीत, आणि त्या साली आधी काढलेले बटाटे रोगाने सडले, याचे मात्र जमिनीत राहिले म्हणून वाचले आणि चढ्या भावाने विकले गेले. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर चढले होते, ही गोष्ट तुम्ही कुठे वाचली असेल तर सोडून द्या. इतिहासकारांना तिचा भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. ती चेष्टेखोर वर्तमानपत्रांची कमाई दिसते.

मला या प्रकरणात रस आहे तो २३ ऑक्टोबरच्या सकाळी. तिथून एकाच चळवळीतून दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर हाइम्स होता. ज्यांनी सगळं देऊन टाकलं होतं त्यांना बांधवांनी सांभाळावं, त्यांना जगापुढे हात पसरायला लावू नये, अशी हाक त्याने दिली. दुसऱ्या वाटेवर हायरम एडसन होता. रात्रभर रडून सकाळी मक्याच्या शेतातून चालताना त्याला उमगलं की तारीख बरोबरच होती, घटना मात्र पृथ्वीवरची नव्हती, स्वर्गातल्या पवित्रस्थानातली होती. या दुसऱ्या वाटेवरून पुढे १८६३मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यातल्या लोकांना औंधचं स्पायसर विद्यापीठ ठाऊक असतं, ते याच मंडळीचं. नंतर त्यांनी नव्या तारखा काढायचं सोडलं आणि शाळा-दवाखान्यांत जीव ओतला, हे नोंदवायलाच हवं. मिलर स्वतः १८४९मध्ये वारला, शेवटपर्यंत प्रभूची वाट पाहत, पण पुन्हा तारीख न देता.

आता तुमच्या प्रवचनकाराचं ‘आत्मिक पातळीवर घडलं’ हे वाक्य परत वाचा. ही युक्ती किमान पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. चार्ल्स टेझ रसेलने १८७९मध्ये मासिक सुरू केलं. त्याच्या मते ख्रिस्त १८७४मध्येच अदृश्यपणे आला होता, आणि शेवट १९१४मध्ये व्हायचा होता. १९१४ साली महायुद्ध पेटलं, शेवट झाला नाही. पुढे ते सालच ख्रिस्ताच्या अदृश्य राज्याची सुरुवात ठरलं आणि आजही यहोवाच्या साक्षीदारांच्या शिकवणीत तेच आहे. अदृश्य घटनेची सोय अशी की तिची पावती कोणी मागू शकत नाही. आमच्या धंद्यात व्हाउचर नसलेला खर्च आम्ही अमान्य करतो.

रसेलनंतर साक्षीदारांच्या संस्थेचा प्रमुख झालेल्या रदरफोर्डने १९२५मध्ये अब्राहाम, इसहाक, याकोब हे पूर्वज जिवंत होऊन परत येतील असं सांगितलं. ते आले नाहीत. तरी १९२९च्या सुमारास सॅन डिएगोत त्यांच्यासाठी म्हणून ‘बेथ सरीम’ नावाचा बंगला बांधला गेला आणि त्याच्या खरेदीखतात दावीद, गिदोन, बाराक, शमशोन, शमुवेल यांच्यासाठी तो विश्वस्त म्हणून राखल्याची नोंद केली. माझ्या हातून शेकडो खरेदीखतं गेली, पण ज्याच्या लाभार्थींमध्ये शमशोन आहे असं एकही नाही. पूर्वज येईपर्यंत तिथे राहायला गेले खुद्द रदरफोर्ड. १९४२मध्ये त्यांचं निधन तिथेच झालं, आणि १९४८मध्ये संस्थेने बंगला विकला. १९२५बद्दल आपण स्वतःला गाढव ठरवून घेतलं, असं ते मुख्यालयातल्या सहकाऱ्यांना एकदा म्हणाले होते. ही आठवण छापून आली १९८४मध्ये, त्यांना जाऊन बेचाळीस वर्षं झाल्यावर. ज्यांनी १९२५च्या भरवशावर आपली घडी मोडली होती, त्यांच्यातल्या कितीजणांपर्यंत ती पोचली असेल?

माझे काही परिचित यहोवाचे साक्षीदार आहेत, सरळमार्गी माणसं. संस्थेचं भारतातलं कार्यालय बरीच वर्षं आपल्या लोणावळ्यालाच होतं. त्यामुळे पुढचं लिहिताना मला आनंद होत नाही. पण माफीच्या भाषेचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे सापडत नाही. १९६६मध्ये संस्थेच्या प्रकाशनात हिशेब आला की आदामाच्या निर्मितीला १९७५मध्ये ६००० वर्षं पूर्ण होतात. शेवट त्याच साली असं ठाम विधान टाळलं होतं, पण अपेक्षा वाढू दिली होती. मे १९७४मध्ये संस्थेच्या अंतर्गत पत्रकात लिहिलं गेलं की काही बांधव घरंदारं विकून उरलेले दिवस सेवेत घालवत आहेत, आणि थोडाच काळ उरलेला असताना तो घालवायचा हा उत्तम मार्ग आहे. १९७५ सरलं. संस्थेच्या नियतकालिकाच्या जुलै १९७६च्या अंकात सांगितलं गेलं की कोणाची निराशा झाली असेल तर त्याने आपला दृष्टिकोन सुधारावा, कारण देवाचं वचन चुकलेलं नाही, त्या व्यक्तीची समजूत चुकीच्या गृहीतकांवर उभी होती. म्हणजे शाबासकी देताना संस्था होती आणि चूक वाटताना वाचक होता! मार्च १९८०मध्ये कुठे खेदाचे शब्द आले. तेही असे की त्या सालाभोवती आशा वाढवणाऱ्या माहितीच्या प्रकाशनाशी ज्यांचा संबंध होता, ते लोक.

शाळेत आम्हाला व्याकरणातले प्रयोग शिकवायच्या त्या बाई आठवतात. वाक्यातला कर्ता शोधा म्हणायच्या. माफीनामा वाचताना मी तेच करतो. ‘मी तारीख दिली, ती चूक होती, तुम्ही माझ्यावर विसंबलात’ या वाक्यात कर्ता पहिल्याच शब्दाला सापडतो. ‘काही गैरसमज निर्माण झाले’ या वाक्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. तुमच्या प्रवचनकाराने पुढेमागे काही निवेदन काढलंच, तर दादांसमोर बसून त्यातला कर्ता शोधा. वाद न घालता निम्मं काम होतं.

पण नुसता कर्ता सापडून भागत नाही, हे हॅरल्ड कॅम्पिंगने शिकवलं. कॅलिफोर्नियातला हा इंजिनिअर, फॅमिली रेडिओ चालवणारा. आधी सप्टेंबर १९९४ सांगून झालं होतं. मग २१ मे २०११ आला: त्या दिवशी विश्वासी उचलले जातील आणि २१ ऑक्टोबरला जग संपेल. हजारो फलक लागले, गाड्यांचे ताफे फिरले, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, आयुष्यभराची बचत जाहिरातींत घातली. अमेरिकेत चर्चला वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही, पण फॅमिली रेडिओ ते भरत असे. म्हणून २००५ ते २००९ या काळात सुमारे ८ कोटी डॉलर देणग्या आल्याचं जगाला कळलं. २१ मे कोरडा गेला. दोन दिवसांनी कॅम्पिंग म्हणाले की न्याय आत्मिक रीतीने झाला आहे आणि शेवट ऑक्टोबरमध्येच होईल. पैसे परत करणार का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर साधारण असं होतं की अजून शेवट झालेला नाही, मग परत कशाला करायचे? पुढे त्यांना पक्षाघात झाला, ऑक्टोबरही गेला, आणि मार्च २०१२मध्ये त्यांनी श्रोत्यांना पत्र लिहिलं. त्यात आपलं विधान पाप होतं असं स्पष्ट म्हटलं, तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही हे सांगणारे टीकाकार बरोबर होते हे मान्य केलं, आणि पुन्हा तारीख काढणार नाही असंही. कर्तरी प्रयोग, शंभर टक्के. २०१३मध्ये बाण्णवव्या वर्षी ते वारले. संस्थेला मोठ्या शहरांजवळची रेडिओ केंद्रं विकावी लागली. मात्र ज्यांनी बचत घातली त्यांच्यासाठी काही तरतूद झाल्याचं माझ्या वाचनात नाही. या माफीला मी अर्धे गुण देतो. मनाने मागितलेली असेल, पण खतावणीत उतरली नाही.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर मिलरने चूक स्वतःच्या नावे घातली, १९७६मध्ये ती वाचकांच्या नावे टाकली गेली, आणि कॅम्पिंगने नाव स्वतःचं लिहिलं पण रक्कम कोरी ठेवली.

आता ढोंगीपणा कसा ओळखायचा. इथे माझा पेशा उपयोगी पडतो. आम्ही ताळेबंद करतो तेव्हा एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: संस्था पुढेही चालू राहणार आहे. याला आम्ही गोइंग कन्सर्न म्हणतो. त्याशिवाय दहा वर्षांच्या घसाऱ्याला अर्थच उरत नाही. मग जो माणूस व्यासपीठावरून म्हणतो की दोन वर्षांत सगळं संपणार, त्याच्या वहीत ही दोन वर्षं दिसायला हवीत. दक्षिण कोरियात ली जांग-रिमच्या दामी मिशनने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती. हजारो लोकांनी नोकऱ्या सोडल्या, मालमत्ता विकल्या. पोलिसांनी लीला त्याच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, फसवणुकीसाठी अटक केली. त्याच्याकडे सापडलेल्या रोख्यांची मुदत भाकिताच्या तारखेनंतर, पुढच्या वर्षी, पुरी होणार होती. भविष्यवाणी खोटी ठरली म्हणून कोणी त्याला तुरुंगात घातलं नाही. लोकांना सगळं सोडायला लावताना तो स्वतः मुदतपूर्तीची वाट पाहत होता, हे त्याला नडलं. २८ तारखेच्या मध्यरात्री सोलमध्ये त्याचे अनुयायी सभागृहात बसून होते आणि तो कोठडीत होता.

असंच एक छोटं रूप मी स्वतः पाहिलं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका लहान मंडळीच्या ट्रस्टचं ऑडिट होतं. पाळकांनी नेमकी तारीख दिली नव्हती, पण दोन नाताळांच्या आत प्रभू येतो असं वर्षभर सांगत होते. देणग्या तिप्पट झाल्या होत्या. त्याच फाइलमध्ये जागेचा नवा भाडेपट्टा होता, तीस वर्षांचा, वर नूतनीकरणाचं कलम. मी विचारलं, ‘पास्टर, ही तीस वर्षं कोणासाठी?’ ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘साहेब, तो व्यवहार झाला.’ मी काही फार धीट माणूस नाही. त्या दिवशी अहवालावर सही करून आलो, कारण हिशेब नियमात बसत होता. ते हसणं मात्र डोक्यातून जात नाही.

पण याचं उलट टोकही लक्षात ठेवा. नेता प्रामाणिक असला म्हणजे धोका कमी, असं नाही. मिलर प्रामाणिक होता, कॅम्पिंगही बहुधा होता. नुकसान तेवढंच झालं. आणि तारीख टळल्यावर सदस्य हिशेब मागायला लागले की काय होऊ शकतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण युगांडातलं आहे. कानुंगु इथल्या दहा आज्ञांच्या पुनःस्थापनेच्या चळवळीने ३१ डिसेंबर १९९९ हा शेवट सांगितला होता. लोकांनी जमिनी, गुरं, कपडेसुद्धा विकून पैसे नेत्यांकडे दिले होते. जानेवारी उजाडला, तशी काहींनी आपलं परत मागायला सुरुवात केली. नवी तारीख आली, १७ मार्च २०००. त्या दिवशी दारंखिडक्या बंद केलेल्या चर्चमध्ये शेकडो माणसं जळून मेली, आणि नंतर चळवळीच्या इतर आवारांत पुरलेले मृतदेह निघाले. एकूण बळी ७००हून अधिक. जोसेफ किब्वेतेरे आणि क्रेडोनिया म्वेरिंडे या नेत्यांवर वॉरंट निघालं, पण खटला कधी उभा राहिला नाही. तुमच्या दादांचं प्रकरण असं काही नाही, घाबरवायला सांगत नाही. पण कुठलीही मंडळी लोकांना एकत्र राहायला बोलावू लागली, उपास लांबवू लागली, घरच्यांशी बोलणं तोडायला लावू लागली, तर हिशेबाची भाषा बाजूला ठेवा आणि पोलिसांकडे जा. २०२३मध्ये केनियाच्या शाकाहोला जंगलात ४००हून अधिक मृतदेह निघाले. तिथे उपासाने येशूला भेटण्याची शिकवण दिल्याचा आरोप आहे.

जाब का विचारला जात नाही, हा तुमचा खरा राग. त्यामागचं कारण मला धर्मापेक्षा पैशाच्या मानसशास्त्रात सापडतं. ज्याने ठेव मोडली त्याच्यासाठी ‘नेता चुकला’ हे वाक्य फक्त नेत्याबद्दल नसतं. त्याचा अर्थ ‘मी मूर्ख ठरलो’ असा होतो, आणि तो बायकोमुलांसमोर उच्चारावा लागतो. बुडीत खातं निर्लेखित करायला भलेभले उद्योगपती तयार होत नाहीत, उलट त्यातच आणखी पैसे घालतात. मग आपल्या दादांकडून ती अपेक्षा का? नेतेही तेच करतात. १९८८मध्ये एडगर व्हिझनन्ट या निवृत्त इंजिनिअरने ८८ कारणं देऊन सप्टेंबर महिना सांगितला. दिवस आणि घटका ठाऊक नाही असं वचन आहे, पण वर्ष ठाऊक नाही असं कुठे म्हटलंय, ही त्याची पळवाट. सप्टेंबर गेला, तर गणितात एका वर्षाची चूक निघाली म्हणून त्याने १९८९ची नवी पुस्तिका काढली.

नेत्याच्या बाजूनेही बघा. खरं बोलण्याची किंमत प्रचंड असते. हर्बर्ट आर्मस्ट्राँगच्या वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉडने १९७२ आणि १९७५ या सालांभोवती भीती उभी केली होती आणि सदस्यांकडून एकापेक्षा जास्त दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) घेतले होते. आर्मस्ट्राँग १९८६मध्ये वारले. त्यांचे वारस जोसेफ टकाच यांनी डिसेंबर १९९४मध्ये उभं राहून सांगितलं की दशांशाची सक्ती, शब्बाथाची (शनिवारच्या विश्रांतीची) सक्ती आणि मूळ शिकवणीतलं बरंच काही चुकीचं होतं. १९९६मध्ये त्यांच्या मुलाने संस्थेच्या मासिकात सदस्यांची उघड क्षमा मागितली. परिणाम असा झाला की निम्म्याहून अधिक सदस्य सोडून गेले. त्यातले कित्येकजण जुनीच शिकवण चालवणाऱ्या फुटीर मंडळ्यांत गेले. उत्पन्न कोसळलं, नोकरकपात झाली, मुख्यालयाचा पॅसाडीनातला देखणा परिसर विकावा लागला. संस्था लहान झाली आणि २००९मध्ये नाव बदलून ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल झाली. इथे फक्त तारखांचा प्रश्न नव्हता हे खरं, पण मोठ्या पंथाने चूक आपल्या नावे घालून तिची रक्कमही भरल्याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. लोकांनी बक्षीस म्हणून काय दिलं? पाठ फिरवली. खात्री विकणाऱ्याकडे लोक परत जातात, हे प्रत्येक प्रवचनकाराला ठाऊक असतं.

वचनापुरतं बोलायचं तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं १८:२२ सरळ आहे: संदेष्ट्याचं बोलणं घडून आलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हतं, त्याला भिऊ नका. आमचे आजोबा ‘भिऊ नका’ या दोन शब्दांवर थांबायचे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. म्हणजे पारख करणारे ‘इतर’ ही शास्त्रातलीच व्यवस्था आहे. दादांच्या प्रवचनकाराच्या बाबतीत हे इतर कोण, एवढं त्यांना विचारा. काही ऑनलाइन सेवांमध्ये प्रवचनकार, त्यांच्या पत्नी आणि मेहुणे एवढेच विश्वस्त असतात.

कायद्याचं थोडक्यात. भाकीत चुकलं म्हणून आपल्याकडे तक्रार उभी राहत नाही. पैशाचं मात्र तसं नाही. संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर १९५०च्या अधिनियमाप्रमाणे तिने हिशेब ठेवायला हवेत, ते तपासून घ्यायला हवेत, आणि गैर खर्च दिसला तर ऑडिटरने तो अहवालात लिहायला हवा. हितसंबंध असलेली व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. नुसता देणगीदार त्यात बसतो का, हे मात्र वकिलाला विचारून घ्या. पैसे वैयक्तिक खात्यावर गेले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे वकील गाठा. दोन्हीकडे लागणार ते दादांचं बँक स्टेटमेंट, पावत्या, आणि ज्या सभेत तारीख सांगून पैसे मागितले तिचं रेकॉर्डिंग. व्हिडिओ काढून टाकले जातात, म्हणून आजच उतरवून ठेवा.

दादांशी बोलताना ‘आम्ही सांगत होतो ना’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. प्रवचनकाराला शिव्या घालू नका, नाहीतर दादा त्याची वकिली करायला लागतील. त्याऐवजी त्यांना एकच काम द्या, म्हणजे त्यांनीच प्रवचनकाराला पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: त्या आठवड्यासाठी एकूण किती रक्कम जमली, ती कशावर खर्च झाली, आणि ज्यांनी ठेवी मोडल्या त्यांच्यासाठी काय ठरवलं आहे. आवाज चढवायचा नाही, बंधू म्हणून विचारायचं. उत्तर आलं तर चांगलंच. नाही आलं, किंवा विश्वास कमी पडतोय असं आलं, तर ते दादांना तुमच्या तोंडून ऐकावं लागणार नाही. वहिनींना मात्र आधी विश्वासात घ्या. पुढची ठेव संयुक्त नावावर आणि दोघांच्या सहीवर असू द्या.

माफी खरी कशी ओळखायची, याचं माझ्याकडचं उत्तर एक वही आहे. फार वर्षांपूर्वी एका गावात एक सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती प्रचारक, होता, अगदी फाटका माणूस. त्यानेही तारीख दिली होती आणि त्यावर इतका विश्वास होता की स्वतःची स्कूटर आणि बायकोचे दागिने आधी विकले होते. तारीख गेली. दोन आठवडे तो घराबाहेर पडला नाही. मग माझ्या ऑफिसात आला आणि शंभर पानी वही टेबलावर ठेवली. त्यात एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढे रक्कम. कोणाचे दोनशे, कोणाचे अकरा हजार. म्हणाला, ‘साहेब, हे कसं फेडायचं ते लिहून द्या.’ आम्ही बसून हप्ते पाडले. त्याने उपदेश करणं सोडलं, शिकवण्या घेतल्या, एका दुकानात हिशेब लिहिले. फेडायला सहा वर्षं लागली. पाचजणांनी पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने त्यांच्या नावापुढे ‘नाकारले’ लिहून सही घेतली. त्याच्या तोंडून माफीचा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

तुमच्या प्रवचनकाराकडे अशी वही आहे का, हे दादांना विचारता येईल. पण आधी दादांची फाइल बघा आणि त्यांची सगळ्यात पहिली देणगी कोणत्या तारखेची आहे ते मला कळवा. ती भाकीत जाहीर होण्याच्या आधीची आहे की नंतरची, यावर पुढचा सल्ला बराच बदलेल.